वर्ल्ड स्नूकर चॅम्पियनशिपचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर एप्रिलला इंग्लंडमधल्या शेफिल्डला स्पर्धा सुरू झाली की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. बऱ्याच जणांना वाटतं की या स्पर्धेचा इतिहास म्हणजे १९७७ नंतरचा, तिथल्या क्रूसिबल थिएटरमधला. पण त्याच्या आधीची पन्नास वर्षं ही स्पर्धा विंचवासारखी बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत होती आणि एकदा तर चक्क बंदच पडली होती. मला तोच भाग जास्त आवडतो, त्यामुळे तिथे पाल्हाळ होणार, आधीच सांगून ठेवतो.

पहिली स्पर्धा कधी झाली? कुणी सुरू केली?

१९२६-२७ चा सीझन. तेव्हा पैसा आणि मान दोन्ही बिलियर्ड्सला, स्नूकर म्हणजे मेन मॅच झाल्यावर टाइमपास म्हणून खेळायचा प्रकार. पण जो डेव्हिस नावाच्या तरुण प्रोफेशनलच्या लक्षात आलं की लोक हॉलमध्ये स्नूकरच बघायला थांबतायत, बिलियर्ड्समध्ये मोठे खेळाडू तेच तेच शॉट मारून शेकड्यांनी पॉइंट काढायचे आणि बघणारा पेंगायचा. मग त्याने बर्मिंगहॅमच्या बिल कॅमकिनला हाताशी धरलं, कॅमकिनचे बिलियर्ड हॉल होते, आणि बिलियर्ड्सच्या संघटनेला राजी करून स्पर्धा उभी केली. दहा जणांनी नावं दिली. पहिली मॅच लंडनच्या थर्स्टन्स हॉलमध्ये मेलबर्न इनमन आणि टॉम न्यूमन यांच्यात झाली आणि गंमत म्हणजे तीही स्वतंत्र मॅच नव्हतीच, दोघांची बिलियर्ड्सची मॅच चालू होती आणि तिचं सेशन संपलं की एक फ्रेम (म्हणजे एक डाव) स्नूकरची. म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपचा जन्म दुसऱ्याच खेळाच्या पोटभाडेकरूसारखा झाला.

फायनल मे १९२७ मध्ये बर्मिंगहॅमला कॅमकिनच्याच हॉलमध्ये झाली, जो डेव्हिसने टॉम डेनिसला २०–११ हरवलं. अख्ख्या स्पर्धेतला सगळ्यात मोठा ब्रेक (एका पाळीत सलग काढलेले पॉइंट) होता ६० चा, आणि तोही अल्बर्ट कोपचा, डेव्हिसचा नाही. आज क्वालिफायरमध्ये (पात्रता फेरीत) सुद्धा ६० च्या ब्रेकला कुणी टाळी वाजवताना दहा वेळा विचार करेल.

जिंकल्यावर किती पैसे मिळाले?

साडेसहा पौंड. टाइपिंगची चूक नाहीये, सहा पौंड दहा शिलिंग. आणि आता विजेत्याला ५ लाख पौंड मिळतात, २०१९ पासून तोच आकडा आहे.

ट्रॉफी तीच आहे का?

हो. १९ पौंडांना घेतलेली ती चांदीची छोटी ट्रॉफी, वर मेंढपाळ मुलगी उभी असलेली, तीच आजही विजेत्याच्या हातात असते. ज्यांनी पहिल्यांदा पाहिली ते म्हणतात एवढीशीच? एवढीशीच.

स्नूकर खरंच जबलपूरला सुरू झालं का?

सर्वसाधारणपणे मान्य असलेली गोष्ट तीच आहे, १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या ब्रिटिश ऑफिसरने ब्लॅक पूल नावाच्या एका खेळात आणखी रंगीत चेंडू घातले. हा चेंबरलेन पुढे पंतप्रधान झाला तो नव्हे, दरवर्षी कुणीतरी ही गल्लत करतंच. 'स्नूकर' हा शब्द तेव्हा मिलिटरी अकादमीतल्या नवख्या कॅडेटसाठी वापरायचे, एकाने सोपा पॉट (चेंडू खिशात घालणं) चुकवला आणि चेंबरलेन त्याला स्नूकर म्हणाला, ते नावच चिकटलं. प्रोफेशनल स्पर्धेशी याचा थेट संबंध नाही, त्यासाठी अजून पन्नास वर्षं जायची होती.

जो डेव्हिस १५ वेळा जिंकला म्हणतात, मग रेकॉर्ड ७ चं कसं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. डेव्हिस १९२७ ते १९४० सलग जिंकला, मग युद्धामुळे १९४१ ते १९४५ स्पर्धा झाली नाही, १९४६ ला झाली तर पुन्हा हाच जिंकला आणि मग या स्पर्धेतून रिटायर झाला. १५ पैकी १५, एकदाही हरला नाही. पण 'मॉडर्न एरा' १९६९ पासून मोजतात, कारण त्या वर्षी स्पर्धा पुन्हा नॉकआउट झाली आणि खऱ्या अर्थाने सगळ्यांशी झगडून जिंकावी लागायला लागली. त्या हिशोबात स्टीफन हेन्ड्री (१९९०, ९२ ते ९६ सलग, ९९) आणि रॉनी ओ'सुलिव्हन (२००१, २००४, २००८, २०१२, २०१३, २०२०, २०२२) दोघांची ७-७ टायटल. त्यांच्या मागे रे रिअर्डन आणि स्टीव्ह डेव्हिस, प्रत्येकी ६. आणि हो, स्टीव्ह डेव्हिसचं जो डेव्हिसशी काही नातं नाही, जोचा भाऊ फ्रेड डेव्हिस, तो वेगळा.

माझं मत विचाराल तर १५ चा आकडा बाजूला टाकणं बरोबर आहे, पण जोला कमी लेखणं चूक. समोर चार-पाचच दमदार खेळाडू होते हे खरं, पण खेळ कसा खेळायचा हेच त्याने ठरवलं, ब्रेक रचत न्यायचा, पुढच्या चेंडूसाठी क्यू बॉल (काठीने मारायचा पांढरा चेंडू) जागेवर आणून ठेवायचा, हे सगळं. आणि १९४० ची फायनल तो धाकट्या भावाशी ३७–३६ असा कसाबसा जिंकलाय, म्हणजे दर वेळी हलवा नव्हता.

१९३१ ला फक्त दोन खेळाडू होते हे खरं?

खरं. जो डेव्हिस आणि टॉम डेनिस, बाकी कुणी नावच दिलं नाही. नॉटिंगहॅमला थेट फायनल, डेव्हिस २५–२१. बिचारा डेनिस चार फायनल हरला, चारही याच माणसाकडून.

जुन्या फायनलचे स्कोअर ७८–६७ असे विचित्र का दिसतात?

कारण तेव्हा फायनल दोन-दोन आठवडे चालायची आणि तिकिटं आधीच विकलेली असायची. १९४६ च्या फायनलला १४५ फ्रेम ठरल्या होत्या, म्हणजे ७३ झाल्या की निकाल लागला, पण उरलेल्या सेशनचं तिकीट काढून जो येणार त्याला काय दाखवायचं? म्हणून निकालानंतरही खेळत राहायचे. त्यांना डेड फ्रेम म्हणतात. म्हणून डेव्हिसने होरेस लिंड्रमला ७८–६७ हरवलं असं पुस्तकात दिसतं. हाच हिशोब पहिल्या फायनलचा, डेव्हिस १६–७ लाच जिंकला होता, २०–११ हा शेवटी राहिलेला आकडा.

१९५२ ला दोन-दोन वर्ल्ड चॅम्पियन कसे?

आता बसा निवांत.

जो रिटायर झाला पण फक्त या स्पर्धेतून, बाकी ठिकाणी तो खेळतच होता आणि जिंकतही होता. त्यामुळे वर्ल्ड चॅम्पियन कुणीही होवो, लोकांना माहिती होतं की खरा राजा बाहेर बसलाय. १९४७ ते १९५१ पाचही फायनल वॉल्टर डोनाल्डसन आणि फ्रेड डेव्हिस या दोघांतच झाल्या, डोनाल्डसन १९४७ आणि १९५० ला जिंकला, बाकी तीन फ्रेडच्या. त्याच त्याच दोन चेहऱ्यांना प्रेक्षक तरी किती वेळा तिकीट काढून बघणार.

त्यात संघटना आणि खेळाडूंचं पैशांवरून वाजलं. संघटनेचं म्हणणं की चॅम्पियनशिप म्हणजे मान, कमाईचा विचार नंतर, आणि खेळाडूंचं म्हणणं की मानाने पोट भरत नाही. शेवटी बहुतेक प्रोफेशनल्सनी बहिष्कार घातला आणि आपली वेगळी स्पर्धा काढली, तिचं नाव वर्ल्ड प्रोफेशनल मॅच-प्ले चॅम्पियनशिप. इकडे अधिकृत स्पर्धेत उरले दोनच, ऑस्ट्रेलियाचा होरेस लिंड्रम आणि न्यूझीलंडचा क्लार्क मॅकोनकी. मँचेस्टरला दोघे खेळले, लिंड्रम ९४–४९ जिंकला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. रेकॉर्डमध्ये १९५२ चा चॅम्पियन म्हणून लिंड्रमचं नाव आहेच, पण दुसऱ्या स्पर्धेतला विजेता फ्रेड डेव्हिसही चॅम्पियन म्हणून धरला जातो. त्यामुळे 'पहिला ऑस्ट्रेलियन चॅम्पियन कोण' असं क्विझमध्ये विचारलं तर आधी विचारणाऱ्यालाच विचारा की बाबा तू १९५२ धरतोस की नाही, नाहीतर उत्तर थेट २०१० चा नील रॉबर्टसन होतं.

मग स्पर्धा बंद कधी पडली?

ती मॅच-प्ले स्पर्धा १९५२ ते १९५७ चालली. पहिली पाच फ्रेड डेव्हिसने जिंकली, शेवटची जॉन पुलमनने. लंडनचा लेस्टर स्क्वेअर हॉल, जिथे प्रोफेशनल स्नूकरचा बराचसा संसार चालायचा, तो १९५५ ला बंद झाला, प्रेक्षक आटले, नवीन पोरं प्रोफेशनल होईनात. १९५७ नंतर सात वर्षं वर्ल्ड चॅम्पियनशिप झालीच नाही. पुलमन बसून होता चॅम्पियन म्हणून, कुणी आव्हान द्यायलाच नाही.

परत सुरू कशी झाली?

१९६४ ला, रेक्स विल्यम्सने पुढाकार घेतला आणि चॅलेंज पद्धत आली, बॉक्सिंगसारखी, चॅम्पियनला कुणीतरी आव्हान द्यायचं आणि दोघांनी खेळायचं. पुलमन १९६८ पर्यंत सगळ्यांना पुरून उरला. १९६९ ला नॉकआउट परत आलं आणि पहिल्याच राउंडला जॉन स्पेन्सरने त्याला बाहेर काढलं, पुढे तोच जिंकला. त्याच वर्षी बीबीसीने 'पॉट ब्लॅक' सुरू केलं, कलर टीव्ही नवा होता, त्यावर दाखवायला रंगीबेरंगी काहीतरी हवं होतं, स्नूकरपेक्षा स्वस्त आणि रंगीत काय मिळणार! खेळाला वाचवलं ते खरं तर टीव्हीने.

अ‍ॅलेक्स हिगिन्सची १९७२ ची गोष्ट काय आहे?

ती स्पर्धा जवळजवळ वर्षभर रेंगाळली, मार्च १९७१ ला सुरू आणि फेब्रुवारी १९७२ ला फायनल, बर्मिंगहॅमच्या एका ब्रिटिश लीजन क्लबात (माजी सैनिकांच्या क्लबात). ब्रिटनमध्ये कोळसा खाण कामगारांचा संप, लाइट जायचे, जनरेटरवर खेळ चालवायचा, प्रेक्षक बिअरच्या क्रेटवर फळ्या टाकून बसले होते असं सांगतात. तिथे बेलफास्टचा २२ वर्षांचा पोरगा क्वालिफायरमधून, पहिल्याच प्रयत्नात येतो आणि स्पेन्सरला ३७–३२ हरवतो. बक्षीस ४८० पौंड. फास्ट खेळायचा, टेबलाभोवती पळायचा, शॉट मारताना अख्खं अंग हलायचं, कोचने बघितलं तर डोक्याला हात लावेल. पण लोक स्नूकर बघायला नाही तर त्याला बघायला यायला लागले. पुढे १९८२ ला परत जिंकला तेव्हा रडत रडत बायको आणि तान्ह्या मुलीला जवळ बोलावत होता, तो क्लिप पाहिला नसेल तर बघाच.

स्पर्धा इंग्लंडबाहेर कधी झाली?

झाली ना. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये फायनल सिडनीला झाली (तीच १९७१ ची म्हणून धरतात) आणि १९७५ ची मेलबर्नजवळ, रिअर्डन ३१–३० ने एडी चार्ल्टनकडून सुटला. एका फ्रेमने!

शेफिल्डच का? आणि थिएटर का?

योगायोग. माइक वॉटरसन नावाचा प्रमोटर जागा शोधत होता, त्याची बायको शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये नाटक बघायला गेली आणि घरी येऊन म्हणाली की जागा मस्त आहे तुझ्या स्नूकरला. त्याने जाऊन मोजलं तर दोन टेबलं जेमतेम बसत होती. १९७७ ला पहिली स्पर्धा तिथे झाली, स्पेन्सर जिंकला, आणि तेव्हापासून स्पर्धा तिथेच आहे. पुढच्याच वर्षी बीबीसीने रोज दाखवायला सुरुवात केली.

क्रूसिबल म्हणजे मूस, सोनार किंवा ओतारी धातू वितळवतो ती. शेफिल्ड पोलादाचं शहर, मुशीत पोलाद बनवायची इंग्लंडमधली पद्धत अठराव्या शतकात तिथेच निघाली, म्हणून थिएटरला ते नाव. खेळाडूंची जी हालत तिथे होते ती बघता नाव फारच फिट बसलंय. हजाराच्या आतच सीट आहेत, प्रेक्षक तिन्ही बाजूंनी अंगावर आल्यासारखे बसतात, पहिल्या रांगेतला माणूस खोकला तर क्यू हलतो. सेमीफायनलपर्यंत मध्ये पार्टिशन लावून दोन टेबलं असतात, शेजारच्या टेबलावर टाळ्या पडल्या की इकडचा माणूस शॉट सोडून उभा राहतो. मग सेमीला पार्टिशन जातं, एक टेबल मधोमध येतं आणि पहिल्यांदाच तिथपर्यंत पोचलेले बरेच खेळाडू तिथेच गांगरतात.

जागा लहान पडते, मोठ्या ठिकाणी न्या, ही चर्चा कायम असते. माझा स्पष्ट विरोध, पण मला कोण विचारतंय.

क्रूसिबलचा शाप म्हणजे काय?

१९७७ पासून जो कुणी पहिल्यांदा चॅम्पियन झाला त्याला पुढच्या वर्षी क्रूसिबलवर टायटल राखता आलेलं नाही, २०२५ पर्यंत तरी एकालाही नाही. हेन्ड्रीला नाही, स्टीव्ह डेव्हिसला नाही, ओ'सुलिव्हनला नाही. सगळ्यात जवळ आले दोघं, जो जॉन्सन १९८७ ला आणि केन डोहर्टी १९९८ ला, दोघेही फायनल हरले. २०२४ चा विजेता कायरन विल्सन तर २०२५ ला पहिल्याच राउंडला लेइ पेइफानकडून १०–९ हरला. शाप वगैरे मी मानत नाही, १७ दिवसांत पाच लांबलचक मॅच जिंकणं कुणालाही अवघडच, आणि चॅम्पियन म्हणून आलं की सगळ्यांच्या नजरा. पण दरवर्षी पहिल्या दिवशी बघताना छातीत धडधड होतेच.

१९८५ च्या फायनलबद्दल एवढं का बोलतात?

स्टीव्ह डेव्हिस ८–० पुढे होता. तिथून डेनिस टेलर, तो उलट्या दिसणाऱ्या मोठ्या चष्म्याचा, हळूहळू वर आला, १७–१७ झालं, शेवटची फ्रेम ६८ मिनिटं चालली आणि टेलरला शेवटचे चारही कलर (लाल सोडून बाकीचे रंगीत चेंडू) हवे होते. ब्राउन, ब्लू, पिंक घेतले. ब्लॅकवर दोघांनीही चुका केल्या, डेव्हिसला एक बारीक कट मिळाला होता तो त्याने घालवला, आणि टेलरने टाकला. अख्ख्या मॅचमध्ये टेलर फक्त एकदाच पुढे होता, मॅच संपली तेव्हा. मध्यरात्र उलटून गेली होती आणि ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक जागे राहून बघत होते. पुढच्याच वर्षी डेव्हिस परत फायनल हरला, सट्टेवाल्यांकडे १५० ला १ भाव असलेल्या जो जॉन्सनकडून.

कधीच न जिंकलेला सगळ्यात मोठा खेळाडू?

जिमी व्हाइट. सहा फायनल, सहाही हरला, त्यात १९९० ते १९९४ सलग पाच. १९९४ ला हेन्ड्रीशी १७–१७, शेवटच्या फ्रेममध्ये जिमी टेबलवर, आणि जागेवरचा सोपा ब्लॅक चुकला. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. अजूनही तो शॉट पूर्ण बघवत नाही.

पहिला १४७ कुणाचा?

१४७ म्हणजे साधारणपणे एका ब्रेकमध्ये काढता येणारे जास्तीत जास्त पॉइंट. या स्पर्धेत पहिला कॅनडाच्या क्लिफ थॉर्बर्नचा, १९८३. पहिला लाल तर फ्लूक होता, नशिबाने गेलेला! सगळ्यात फास्ट अर्थातच ओ'सुलिव्हन, १९९७, सव्वापाच मिनिटांच्या आसपास. फायनलमधला पहिला मात्र थेट २०२३ ला, मार्क सेल्बीने काढला, आणि तरी तो मॅच लुका ब्रेसेलकडून हरला.

आशियातला कुणी जिंकलाय का?

२०२५ ला झाओ शिनतोंग, चीनचा. त्याआधी थायलंडचा जेम्स वत्ताना सेमीपर्यंत दोनदा गेला, डिंग जुनहुई २०१६ ला फायनलला हरला आणि सी जियाहुई २०२३ च्या सेमीत ब्रेसेलविरुद्ध १४–५ पुढे असून सलग ११ फ्रेम गमावून बसला. झाओची गोष्ट साधी नाही. मॅच फिक्सिंगच्या प्रकरणात त्याच्यावर २० महिन्यांची बंदी होती, स्वतःच्या मॅच त्याने फिक्स केल्या नव्हत्या पण दुसऱ्याच्या प्रकरणात सामील असणं आणि पैजा लावणं त्याने कबूल केलं होतं. बंदी संपल्यावर अमॅच्युअर म्हणून आला, क्वालिफायिंगचे चार राउंड खेळला, सेमीला ओ'सुलिव्हनला १७–७ धुतलं आणि फायनलला मार्क विल्यम्सला १८–१२. अमॅच्युअर चॅम्पियन होणं ही पहिलीच वेळ. यावर लोकांचे दोन तट आहेत, मी शिक्षा भोगून झाली या बाजूचा.

पंकज अडवाणी वर्ल्ड चॅम्पियन आहे ना, मग त्याचं नाव यात कसं नाही?

कारण ती स्पर्धा वेगळी. अडवाणीने २००३ ला जिंकली ती आयबीएसएफची (आंतरराष्ट्रीय बिलियर्ड्स-स्नूकर महासंघाची) अमॅच्युअर वर्ल्ड चॅम्पियनशिप, त्याआधी १९८४ ला ओम अगरवालने जिंकली होती. तीही मोठीच गोष्ट. पण क्रूसिबलच्या मुख्य ड्रॉमध्ये २०२५ पर्यंत एकही भारतीय पोचलेला नाही.

फॉरमॅट थोडक्यात?

३२ खेळाडू, १६ सीडेड (रँकिंगमुळे थेट आलेले) आणि १६ क्वालिफायर. पहिला राउंड बेस्ट ऑफ १९ (आधी १० फ्रेम जिंकेल तो जिंकला), दुसरा आणि क्वार्टर २५, सेमी ३३, फायनल ३५.

स्पर्धेला सिगारेट कंपनीचं नाव असायचं ना?

एम्बसी, १९७६ ते २००५. मग तंबाखूच्या जाहिरातींवर कायद्याने बंदी आली आणि पुढे बराच काळ बेटिंग कंपन्या. आगीतून फुफाट्यात म्हणा हवं तर.

मध्येच कधी थांबली का?

१९८० ची फायनल ऐन रंगात असताना बीबीसीने कट करून लंडनच्या इराणी दूतावासावरची कमांडो कारवाई दाखवली, टेबलावर खेळ चालूच होता. २०२० ला कोविडमुळे एप्रिलची स्पर्धा ३१ जुलैपर्यंत ढकलली. आणि २०२३ ला एक आंदोलक टेबलावर चढला आणि नारिंगी पावडर उधळली, रातोरात कापड बदलावं लागलं.

मार्क विल्यम्स खरंच कपड्यांशिवाय पत्रकारांसमोर आला होता?

हो, २०१८. जिंकलो तर येईन असं बोलून बसला होता, जिंकला, आला. टॉवेल होता म्हणा.

नवीन आहे, जुन्यातलं आधी काय बघू?

१९८५ ची शेवटची फ्रेम पूर्ण बघा, हायलाइट्स नको, त्यातला कंटाळा सुद्धा बघण्यासारखा आहे. मग ओ'सुलिव्हनचा १९९७ चा १४७, चहा गरम असेपर्यंत संपतो. १९९४ चा डिसायडर (निर्णायक शेवटची फ्रेम) शेवटी ठेवा, आणि जिमी ब्लॅकसाठी वाकला की हवं तर पॉज करा.